उद्यमनगर ते मालवण, आमची वाटचाल

आमचं ओतकामाचं वर्कशॉप कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आहे, आज तिथं होडीच्या मोटरीचे पंखे बनतात आणि दुरुस्त होतात. वडिलांनी चालू केलं तेव्हा काम एकच होतं, शेतीपंपाचे इंपेलर (पंपात पाणी फेकणारं चाक) आणि पंपाच्या बॉड्या ओतायच्या. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा सगळीकडं काठाला ऊस, उसाला पाणी आणि पाण्याला पंप, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. लाकडी पॅटर्न म्हणजे नमुना, त्यावरनं हातानं मोल्डिंग म्हणजे साचा, ठरलेल्या दिवशी भट्टी पेटवायची आणि मशिनिंगला शेजारचा लेथवाला. पुढं शिरोली, गोकुळ शिरगावला मोठ्या फाउंड्र्या झाल्या, मशीन मोल्डिंग आलं आणि पंपवाल्यांचं रेग्युलर काम तिकडं गेलं. ते जाणारच होतं, त्याबद्दल कुणावर राग नाही, पण आपल्यासारख्या लहान माणसाला मोठ्याला परवडत नाही असं काम शोधावं लागतं.

ते काम आम्हाला आत्याच्या सासरकडून मिळालं. आत्या कुडाळला दिलेली, तिच्या दिरांची मालवणला फायबरची होडी, त्यावर १५ एचपीची आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन. खडकावर आपटून पंख्याचं (पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या प्रोपेलरचं) एक पातं वाकलं होतं आणि दुसऱ्याचा तुकडाच गेला होता, तो पंखा त्यांनी एसटीच्या पार्सलनं पाठवून दिला की भाच्याचा कारखाना आहे तर बघा काय होतंय का. आर्गन वेल्डिंगनं भर दिली, घासून बाकीच्या पात्यांसारखा आकार आणला, बॅलन्स केला आणि परत पाठवला. त्यांनी बंदरावर दहा जणांना दाखवला असणार, कारण नंतर मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडनं गोणपाटात गुंडाळलेले पंखे यायलाच लागले.

वाकलेला पंखा सरळ करणं हे एक काम आणि त्या होडीला तो पंखा बरोबर आहे का हे ठरवणं दुसरं, आणि आमचा धंदा खरा वाढला तो ह्या दुसऱ्या कामानं. पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा घसरला नाही तर जेवढा पुढं जाईल तेवढं अंतर. नवीन माणूस हे आकडे बघतो आणि जुन्यावर जे आहे तेच द्या म्हणतो. पण जुना बरोबर होता हे कुणी ठरवलं? मोटरीबरोबर खोक्यात जो पंखा येतो तो बऱ्याचदा हलक्या बोटीचा हिशोब धरून दिलेला असतो आणि आपली होडी जाळी, बर्फ, चार माणसं आणि परत येताना बांगड्याच्या टोपल्या घेऊन चालणारी.

देवगडचे एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, मला फोनवर म्हणाले होते, "रिकामी आसली की पळता, माल भरलो की जाग्यार बसता." ह्या एका वाक्यात पंख्याची सगळी तक्रार आली. त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे टॅकोमीटर लावा, इंजिनाचं आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे दाखवणारा मीटर. लहान मोटरीला तो बसवलेला नसतो, पण प्लगच्या वायरला गुंडाळायचा डिजिटल टॅको स्वस्तात मिळतो (फक्त तुमच्या इंजिनाला एका फेऱ्यात स्पार्क किती पडतात ते त्यात बरोबर सेट करा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दाखवतो). मग होडी रोज भरता तेवढी भरायची, समुद्र शांत असताना थ्रॉटल पूर्ण उघडायचं आणि आरपीएम स्थिर झालं की लिहून घ्यायचं. हा आकडा मोटरीच्या पुस्तकात फुल थ्रॉटलची जी रेंज दिलेली असते तिच्या आत पाहिजे, कुठल्या मोटरीची ४५०० ते ५५०० असते, कुठलीची ५००० ते ६०००, आपल्याच मोटरीचं पुस्तक बघायचं, शेजाऱ्याचं नाही.

त्यांच्या मोटरीची रेंज ४५०० ते ५५०० होती आणि भरलेल्या होडीत आकडा आला ४४००, पंखा १० पिचचा. आता १ इंच पिच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतं हा सगळीकडं वापरला जाणारा अंदाज आहे, म्हणून १० च्या जागी ८ पिच दिला आणि भरलेल्या होडीत ४८०० च्या आसपास मिळालं. रिकाम्यात ती ५५०० च्या वर जात नाही ना हे पण बघून घेतलं, कारण खाली पडलेलं आरपीएम जसं वाईट तसं वर गेलेलं पण वाईटच. मासेमारीच्या होडीची मुख्य अडचण हीच आहे की जाताना वजन एक आणि येताना दुसरं. माझं मत स्पष्ट आहे, पंखा परतीच्या वजनाला निवडायचा आणि जाताना हलकी असेल तेव्हा थ्रॉटल थोडं आवरून चालवायचं. स्पीड थोडा कमी मिळेल, पण इंजिन टिकेल.

जड पंख्यानं, म्हणजे इंजिनाला झेपत नाही एवढ्या पिचच्या पंख्यानं, इंजिन का मरतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम. उलट आहे. थ्रॉटल पूर्ण उघडलेलं, पेट्रोल पूर्ण जातंय आणि फिरायला मोकळीक नाही, अशानं सिलेंडरमध्ये प्रेशर आणि उष्णता वाढते, कार्बन धरतो, पिस्टन रिंगा चिकटतात आणि शेवटी पिस्टन जातो. चढाला टॉप गिअरमध्ये गाडी रेटल्यासारखं ते इंजिन रोज चाललेलं असतं आणि चालवणाऱ्याला पत्ता नसतो, कारण आवाज शांत येतो.

स्पीडचा हिशोब पण आम्ही गिऱ्हाइकाला कागदावर करून देतो. समजा इंजिन ५००० आरपीएम, गिअर रेशो २.०८ (इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा), म्हणजे पंखा मिनिटाला साधारण २४०० फेरे फिरतो, पिच ८ इंच, तर न घसरता तासाला साधारण २९ किलोमीटर व्हायला पाहिजेत. प्रत्यक्षात भरलेली होडी त्याच्या निम्म्यावर पण येते, मधलं सगळं स्लिपमध्ये, म्हणजे पंखा पाण्यात घसरण्यात गेलं. जड आणि सावकाश चालणाऱ्या होडीत स्लिप जास्त असतेच, तिथं पिचच्या मागं न लागता गिअरकेसवर (पंखा ज्याला लागतो तो मोटरीचा खालचा गिअरचा डबा) बसेल तेवढा मोठा व्यास आणि कमी पिच घ्यावा. चार पात्यांचा पंखा पण अशा कामाला चांगला, पाणी धरून ठेवतो, व्हायब्रेशन कमी, जाळी ओढताना सावकाश वेगात होडी हातात राहते, वरचा स्पीड मात्र थोडा जातो.

पंखा बदलायच्या आधी बाकीचं तपासा असं मी प्रत्येकाला सांगतो, त्यात माझी एखादी विक्री गेली तरी चालेल. तळाला शेवाळ आणि शिंपल्या धरल्या असतील तर आरपीएम तसंच पडतं, आधी घासा. मोटर उंच बसली असेल तर वळताना पंखा हवा ओढतो आणि आरपीएम एकदम उडतं, पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली पाहिजे. लांब शाफ्टच्या होडीला आखूड शाफ्टची मोटर लावलेली तर मी कितीतरी बघितलीत. आणि आरपीएम भरपूर पण होडी पुढं जात नाही असं असेल तर पंख्याच्या मधल्या भागाच्या, म्हणजे हबच्या, आतला रबर बुश सुटला असण्याची शक्यता मोठी. त्याची टेस्ट फुकटची आहे, आतल्या बुशपासून बाहेरच्या हबपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारा, फुल लोडवर चालवून या, रेघ तुटून दोन तुकडे पुढंमागं झाले असतील तर बुश घसरतोय, पिचचा काही संबंध नाही. लहान मोटरीत बुशच्या जागी शिअर पिन असते, तिच्या जागी खिळा ठोकू नका हो, ती पिन तुटण्यासाठीच दिलेली असते, ती नाही तुटली तर गिअर तुटतो.

पंख्यामागं गुंडाळलेला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, हा विषय मी कधी सोडत नाही. तो शाफ्टवर आत आत जाऊन सील कापतो, पाणी गिअर ऑइलमध्ये जातं आणि ऑइल दुधासारखं होतं, तोवर बेअरिंगचं नुकसान झालेलं असतं. पंखा अधूनमधून काढा, बघा, शाफ्टच्या खाचांना (स्प्लाइनला) मरीन ग्रीस लावून परत बसवा.

पिच मोजायचं साधन आम्ही इथंच बनवलं. सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या एकदम सपाट पाटावर) पंखा आडवा ठेवायचा, पात्यावर एका त्रिज्येवर वर्तुळाचा भाग आखायचा, ६० अंशाच्या अंतरावर दोन बिंदू घेऊन त्यांच्या उंचीतला फरक मोजायचा. फरक दीड इंच आला तर गुणिले ६, म्हणजे ९ इंच पिच. तिन्ही पात्यांना वेगवेगळ्या त्रिज्येवर मोजतो, कारण बऱ्याच पंख्यांत पिच एकसारखं नसतं, कडेला कप, म्हणजे थोडा वाक, पण दिलेला असतो. रिपेअरला येणाऱ्या पंख्यांत तीन पाती तीन पिचची सापडतात आणि गिऱ्हाइक सांगतं की मोटर थरथरतेय.

ओतकामाबद्दल. आम्ही पंख्याला एलएम ६ ह्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या इंगट म्हणजे विटाच वापरतो, सिलिकॉन १० ते १३ टक्के, खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो. भंगारातले पिस्टन वितळवून स्वस्तात पंखा होतो, पण त्यात कॉपर असतं आणि समुद्रात तो पंखा खात जातो, म्हणून भाव कमी करा म्हणणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणतो. २५ एचपीच्या वर आमचा ओतलेला पंखा देत नाही, तिथं कंपनीचाच घ्या, साइज आम्ही काढून देतो. स्टेनलेस स्टीलचा हवा म्हणणारे पण येतात. पाती पातळ, ताकद जास्त, हे खरं. पण मालवणच्या किनाऱ्याला खडक, तिथं आपटलं तर ॲल्युमिनियमचं पातं वाकून मार झेलतं आणि स्टीलचं पातं तोच मार गिअरकडं पाठवतं. शिवाय स्टीलचा पंखा आणि ॲल्युमिनियमचं गिअरकेस खाऱ्या पाण्यात एकत्र आले की झिंकचा ॲनोड (गिअरकेसच्या ऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) वेळेवर बदलावाच लागतो. खडकाळ भागातल्या लहान होडीला मी ॲल्युमिनियमच सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात ह्या कामाचा उपयोग आपल्याच जिल्ह्याला झाला. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं बचावाच्या बोटी शेतावरनं, कुंपणावरनं चालत होत्या, पंख्यात तारा आणि ऊस अडकत होता. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, माल येत नव्हता, होता तेवढ्या ॲल्युमिनियमवर रात्री बसून पाती भरून दिली. त्याचे पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

एक गोष्ट घाटावर राहिल्यामुळं आम्हाला जास्त सांभाळावी लागते. टेस्ट आम्ही इथल्या धरणाच्या पाण्यात करतो, तिथली उंची समुद्रसपाटीपासून साधारण १८०० ते २००० फूट, आणि हवा विरळ झाल्यानं दर १००० फुटाला इंजिनाची ताकद अंदाजे ३ टक्के कमी होते. म्हणजे इथं बरोबर वाटणारा पंखा खाली समुद्रावर थोडा हलका पडतो, म्हणजे आरपीएम वर जातं, शिवाय खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड. म्हणून शेवटचा आकडा बंदरावरच घ्यायचा हा आमचा नियम, पंखा बसला नाही तर बदलून देतो, एसटीचं भाडं आमच्याकडं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडं सगळ्यात जास्त गर्दी. पावसात कुठला ना कुठला घाट दरड पडून बंद होतो, गगनबावड्याकडनं नाही तर फोंडा घाटानं, आंबोलीनं पार्सल फिरून येतं, त्यामुळं नारळी पौर्णिमेच्या तोंडावर पाठवण्यापेक्षा जूनमध्येच पाठवा. बरोबर चिठ्ठीत मोटर किती एचपी, गिअर रेशो, होडीची लांबी, भरून आणि रिकामी असं दोन्हीवेळचं आरपीएम आणि जुन्या पंख्यावरचे आकडे लिहा. आकडे पुसले असतील तर पंखाच पाठवा, आम्ही मोजतो. सध्या ९.९ एचपीसाठी चार पात्यांचा पॅटर्न बनवलाय, त्याचे पहिले पंखे वेंगुर्ल्याच्या गिलनेटवाल्यांकडं (पाण्यात उभं जाळं लावणाऱ्यांकडं) चालू आहेत आणि त्यांचे लोडवरचे आकडे आले की मगच तो विकायला काढणार.