हलक्या ओरखड्यांसाठी आधी पॅड ठरवा, पॉलिश नंतर

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते खरं तर गोल नसतात. ते सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून नजरेला गोल भासतात. आपल्याकडे याचं मुख्य कारण रोजची पुसणी. एकच बादली, एकच फडकं आणि त्यात रस्त्यावरची सगळी धूळ. त्यावर गॅरेजमध्ये सुचवला जाणारा ठरलेला उपाय म्हणजे रबिंग-पॉलिश. लोकरीचा बफ, जोरात फिरणारं रोटरी मशीन आणि जाडसर कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश. गाडी हातात मिळते तेव्हा लखलखते, कारण कंपाउंडमधलं तेल ओरखड्यांत भरलेलं असतं. दोन-तीन धुण्यांत ते निघून जातं आणि बफचे लांबट, धुरकट पट्टे उघडे पडतात. हलक्या डागांसाठी इतक्या मोठ्या हत्याराची गरजच नसते.

आपण घासतो तो थर किती पातळ आहे हे आधी पाहू. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, काही गाड्यांवर त्याहून कमी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. हलक्या पॉलिशने त्यातला एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, कंपाउंडने त्याहून बराच जास्त. गेलेला थर परत येत नाही. म्हणून ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण काढायच्या नादी लागू नका, कडा गुळगुळीत करून तो कमी दिसेल एवढंच बघा. तळाशी पांढरट प्रायमर दिसत असेल तर तिथे टच-अप रंगच लागतो. दरवाजा किंवा बंपर आधी रंगवून घेतलेला असेल तर पेंट गेजने, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या यंत्राने, मोजून घ्या. साधा गेज फक्त पत्र्यावर चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.

आता पॅड, म्हणजे मशीनला लावायची घासणारी गादी. किती कापायचं, म्हणजे किती थर घासून काढायचा, हे बहुतांशी पॅड ठरवतो, आणि बाटलीच्या लेबलात अडकलेले लोक नेमकं हेच विसरतात. एकच पॉलिश कडक कटिंग फोमवर लावलं तर कंपाउंडच्या जवळपास काम करतं, आणि मऊ फिनिशिंग फोमवर लावलं तर फक्त चकाकी आणतं. फोमचे ढोबळ तीन प्रकार: कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग. रंगावरून ओळखायला जाऊ नका. एका कंपनीचा पिवळा पॅड मधला असतो, दुसरीचा फिनिशिंगचा. कडकपणा बोटाने दाबून बघा आणि कंपनीचा तक्ता वाचा. मायक्रोफायबर पॅड झटपट कापतो, पण मऊ रंगावर धुरकट झाक सोडतो. ती काढायला फोमची एक फेरी वेगळी लागते. लोकर हलक्या कामासाठी नकोच.

माझ्या मते हलक्या जाळीसाठी सुरुवातीची जोडी ठरलेली आहे: मधला पॉलिशिंग फोम आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. मेग्वायर्स कंपनीचं एम २०५ किंवा मेन्झर्ना कंपनीचं ३५०० याच वर्गातलं. मेन्झर्नाच्या बाटल्यांवर आकडा जितका लहान तितकी कापणी जास्त: ४०० हे जड कंपाउंड, २५०० मधलं, ३५०० आणि ३८०० शेवटची चकाकी आणणारं. एम १०५ हे मेग्वायर्सचं जोरदार कंपाउंड. ते लवकर सुकतं आणि भुकटी उडवतं. पहिल्याच गाडीसाठी ते विकत घेऊ नका.

पॉलिशमधले घर्षणकण दोन जातींचे असतात. काहींत कण काम करता करता फुटून बारीक होत जातात. अशा पॉलिशला पूर्ण वेळ द्यावा लागतो, मध्येच थांबलात तर जाड कणांचे ओरखडे तसेच राहतात. दुसऱ्या जातीत कण मुळातच बारीक आणि एकसारखे असतात, ते फुटत नाहीत. एम १०५ आणि एम २०५ या दुसऱ्या जातीतले. इथे किती वेळ घासायचं हे ओरखडे गेले की नाही यावरून ठरतं.

मशीन म्हणाल तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. पॅड गोल फिरता फिरता हलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. ८ मिलिमीटर थ्रोचं (थ्रो म्हणजे पॅडच्या हलण्याची रुंदी) मशीन ताब्यात ठेवायला सोपं, १५ चं भरभर काम करतं पण वळणांवर पॅड थांबतो. ५ इंची बॅकिंग प्लेटवर (मशीनची, पॅड चिकटवायची चकती) साडेपाच इंची पॅड बॉनेट-छतासाठी, आणि खांब, बंपरसाठी ३ इंची. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, नुसती थरथरली तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरका धरलाय. नुसत्या थरथरण्याने ओरखडे निघत नाहीत.

घासण्याआधी गाडी दोन बादल्यांनी धुवा, एकीत शाम्पू, दुसरीत ग्लव्ह खळबळायला स्वच्छ पाणी. मग प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवा. खरखरीत लागलं तर क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) भरपूर ल्युब्रिकंट लावून चालवा. हे टाळलंत तर चिकटलेली लोखंडी कुसळं पॅडखाली येऊन नवे ओरखडे पडतील. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडेवर रंग सर्वांत पातळ असतो, आणि काळ्या प्लास्टिकवर सुकलेल्या पॉलिशचा पांढरा डाग महिनोन्महिने हटत नाही.

नंतर चाचणीचा चौकोन. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फूट जागा टेपने आखा आणि मधला फोम व बारीक पॉलिश हीच जोडी तिथे चालवून बघा. कोरड्या नव्या पॅडला पहिल्यांदा पॉलिश बोटाने सगळीकडे चोळून लावा, नंतर प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे ३ ते ४ थेंब पुरे. मशीन बंद असतानाच पॅडने थेंब पसरवा, मशीनचा वेग १ वर ठेवून सुरू करून सगळीकडे लावा, मग ४ ते ५ वर न्या. हाताचा वेग सेकंदाला इंचभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. आधी आडवे, मग उभे, असे ४ ते ६ फेरे. दाब मशीनच्या वजनाहून थोडासाच जास्त.

पॉलिश पुसल्यावर लगेच निकाल देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, १५ ते २० टक्क्यांचं, मायक्रोफायबरने तिथे पुसा. तेल निघून गेलं की खरा पृष्ठभाग दिसतो. एलईडी टॉर्च तिरकी धरा. ओरखडे बरेच उरले असतील तर एकच गोष्ट बदला: पॅड तोच ठेवून २५०० सारखं मधलं पॉलिश, किंवा पॉलिश तेच ठेवून एक पायरी कडक पॅड. दोन्ही एकदम बदललंत तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. ८० टक्के जाळी गेली की थांबावं असं मी आग्रहाने म्हणेन. उरलेल्या खोल रेघांसाठी अख्ख्या बॉनेटचा क्लिअर कोट खर्ची घालण्यात अर्थ नाही.

चूक झाली की पॅड आणि पृष्ठभाग तसं दाखवतात. सगळीकडे एकसारखा धुरकटपणा आला तर रंग मऊ आहे आणि पॅड कडक. फिनिशिंग फोमवर बारीक पॉलिश घेऊन एक फेरी मारा. काळ्या गाड्यांत हे हमखास दिसतं. पांढरी भुकटी उडतेय तर पॉलिश सुकलंय किंवा पॅडमध्ये जुनं साठलंय. पॉलिश चिकट होऊन पुसलं जात नसेल तर पत्रा तापलाय. एप्रिल-मे महिन्यात सकाळी लवकर, सावलीत काम करा, आणि हात ठेववत नसेल इतका पत्रा गरम असेल तर बाटली उघडूच नका. प्लास्टिकच्या बंपरमधून उष्णता पसरत नाही, म्हणून तिथे वेग एक पायरी कमी. आधी नीट कापणारा पॅड अचानक कापेनासा झाला तर तो बहुधा पॉलिशने भिजून गच्च झालाय. प्रत्येक चौकोनानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा आणि दर दोन पॅनेलना बदला. एका हॅचबॅकला ५ ते ६ पॅड लागतात. एकाच पॅडवर अख्खी गाडी करायला गेलात तर मधला फोम तापून बसतो आणि मागचं वेल्क्रो सुटतं.

पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला तर बहुधा त्या गाडीवर क्लिअर कोट नाही, जुना सिंगल स्टेज (वर वेगळा पारदर्शक थर नसलेला) रंग आहे. थोडा रंग उतरणं तिथे साहजिक आहे, पण फेरे कमी ठेवा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके लगेच पॉलिशने घासू नका. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन थंड पत्र्यावर मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. वरचा क्षार विरघळतो. त्याखाली खळगा पडला असेल तरच पॉलिश. कबुतराच्या विष्ठेचंही तेच: आधी ओलं फडकं ठेवून मऊ करा, मग उचला. उन्हात दोन-चार दिवस राहिली असेल तर क्लिअर कोट खाल्लेला असतो, आणि तो खळगा पूर्ण सपाट करण्याइतका थर बऱ्याचदा उरलेला नसतो.

काम झालं की त्याच दिवशी सीलंट किंवा वॅक्स लावा आणि गाडी पुसणाऱ्या दादांना कोरडं फडकं मारू नका म्हणून सांगून ठेवा, नाहीतर महिनाभरात जाळी परत येते. पॅड कोमट पाण्यात सौम्य साबणाने लगेच धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत वेल्क्रोची बाजू वर ठेवून वाळवा. पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात बंद केले तर बुरशी धरते, आणि सुकलेल्या पॉलिशच्या गुठळ्या राहिल्या तर पुढच्या गाडीवर त्यांचेच ओरखडे उमटतात.