जपानहून व्हिडिओ प्लेअर मागवताय? आधी एवढं तपासा

जपानमधून कोणी सुट्टीवर निघालं की ठाण्याहून, वाशीहून निरोप येतो: ‘जुना व्हिडिओ प्लेअर मिळतो का बघ, आजोबांना नाटकं भरून द्यायची आहेत.’ मागणी रास्त आहे. फोनवर नाटक लावलं की मधेच कॉल येतो, बोट लागून भलतंच काहीतरी उघडतं, पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क जातं. खिशात मावणाऱ्या प्लेअरमध्ये यातलं काहीच नाही. शिवाय जपानी माणूस वस्तू जपून वापरतो, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांचे प्लेअरही जपानमध्ये चांगल्या अवस्थेत मिळतात. फक्त जपानी बाजारासाठी बनलेल्या वस्तूतल्या काही सोयी भारतात निरुपयोगी ठरतात, आणि पैसे देण्याआधी त्या ओळखता आल्या पाहिजेत.

आधी काय टाळायचं ते. ‘वनसेग’ असं लिहिलेल्या प्लेअरमध्ये टीव्हीचा ट्यूनर असतो, पण तो जपानच्या प्रसारणासाठी. भारतात तो एकही चॅनेल पकडणार नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. एफएमचंही तसंच. जपानचा पट्टा ७६ ते ९५ मेगाहर्ट्झ, आपला ८८ ते १०८. जुना जपानी प्लेअर ९० वरच थांबत असेल तर १०७.१ वरचं एफएम रेनबो ठाण्यात कधीच लागणार नाही. घडीचा डीव्हीडी प्लेअर तर मागवूच नये: डीव्हीडीसाठी जगाचे विभाग (रीजन) पाडलेले आहेत, त्यात जपान रीजन २ मध्ये, भारत रीजन ५ मध्ये, आणि आपल्याकडच्या डिस्क बहुतेक पाल या चित्रपद्धतीच्या, तर जपानी यंत्र एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीचं.

राहिले तीन पर्याय. पहिला सोनीचा पीएसपी. गेमचं यंत्र म्हणून विकला जातो, पण ४.३ इंची पडदा आणि हाताने काढता येणारी बॅटरी यांमुळे वयस्कर माणसासाठी आमची पहिली शिफारस हाच. मेनू इंग्रजी करता येतो. जपानी पीएसपीत ‘होय’साठी गोल आणि ‘नाही’साठी फुलीचं बटण असतं, हे आजोबांना आधीच दाखवून ठेवा. दुसरा आयपॉड, म्हणजे ऑक्टोबर २००५ मध्ये आलेला व्हिडिओवाला आणि त्यानंतरचा क्लासिक. पडदा २.५ इंच, म्हणजे नाटकापेक्षा गाण्यांसाठी आणि कीर्तनासाठी बरा. तिसरा वॉकमन. त्यात २००९ च्या एनडब्ल्यू-एक्स १००० मालिकेचा ३ इंची ओलेड पडदा आजही सुंदर दिसतो. २००७ ची ए ८०० मालिका मात्र घेऊ नका. तिच्यात गाणी भरायला सोनिकस्टेज हे जुनं सॉफ्टवेअर लागतं, आणि आजच्या लॅपटॉपवर ते चालवणं म्हणजे नसती कटकट. आयपॉड टच घ्यायचाच असेल तर आधीच्या मालकाचं ‘फाइंड माय’ (हरवलेलं यंत्र शोधायची सोय) बंद असल्याची दुकानातच खात्री करा. नाहीतर तो कुलूपबंद, आणि ते कुलूप उघडणं कोणत्याही दुरुस्तीवाल्याच्या हातात नाही.

हार्ड ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत किंवा टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात वस्तूवरची चिठ्ठी आधी वाचा. ‘दोसा काकुनिन झुमी’ म्हणजे चालू करून तपासलेली. ‘जंक’ म्हणजे जशी आहे तशी, परत घेतली जाणार नाही. जंकच्या खोक्यातही उत्तम माल असतो, पण तो ज्याला स्वतः उघडता येतो त्याच्यासाठी. आयपॉड हातात आला की मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. पडद्यावर सफरचंद दिसलं की सोडा आणि लगेच मधलं बटण व मागे जाण्याचं बटण दाबून धरा. तपासणीचा मेनू उघडतो. त्यात हार्ड डिस्कच्या स्मार्ट डेटात (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) ‘पेंडिंग सेक्टर्स’ शून्याच्या वर असतील तर डिस्क जायच्या मार्गावर आहे. म्युझिकच्या मेनूत ‘सर्च’ दिसलं तर तो सप्टेंबर २००६ नंतरचा सुधारित आयपॉड, तोच घ्या. आधीच्या ३० जीबीवाल्याला कंपनीनेच व्हिडिओसाठी २ तास सांगितले होते. म्हणजे नवीन असतानाही दुसऱ्या अंकात बंद पडायचा.

आता फाइल. ‘प्लेअर बिघडलाय’ म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारी खरं तर फाइलच्या असतात. लॅपटॉपवर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फॉरमॅट एमपी४, एन्कोडर एच.२६४, प्रोफाइल बेसलाइन, लेव्हल ३.०. व्हिडिओचा सरासरी बिटरेट ७००, ऑडिओ एएसी स्टिरिओ १२८. आयपॉडसाठी रुंदी ६४०. उंची जुन्या चौकोनी चित्राला ४८०, रुंद चित्राला ३६०. पीएसपीसाठी ४८० बाय २७२. या हिशोबाने तासाला साधारण ३७० एमबी लागतात, म्हणजे ३० जीबीत ७५ तास आरामात बसतात.

आवाज येतो पण चित्र काळं, किंवा आयट्यून्स (आयपॉडमध्ये फाइली भरायचं सॉफ्टवेअर) फाइल घेतच नाही? प्रोफाइल ‘हाय’वर राहिलं असणार. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर मूळ चित्रण फोनवरचं असतं आणि त्यात फ्रेमचा वेग बदलता असतो. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट’ निवडा. नाटकाच्या घरच्या डीव्हीडीवरून फाइल करताना दोन गोष्टी पाळा. डिस्क पालची, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. तो वेग २५ च ठेवा, ३० केला की पात्रं चालताना धक्के दिसतात. आणि हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर ‘डीइंटरलेस’ लावा. माणसं लांबट किंवा बुटकी दिसत असतील तर ‘अ‍ॅनामॉर्फिक’ बंद करा. व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही या फोल्डरमधली .डॅट फाइल कॉपी करून तिचं शेपूट .एमपीजी करा, बहुतेक वेळा उघडते.

दोन अंकी नाटकाच्या दोन वेगळ्या फाइली करा, मध्यंतराला तोडून. जुन्या प्लेअरना कुठे थांबलो होतो हे नेहमी लक्षात राहत नाही, आणि दोन तासांची फाइल बोटाने पुढे ढकलत बसणं वयस्कर माणसाला जमत नाही. फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा. देवनागरीच्या जागी अनेक यंत्रं नुसते चौकोन दाखवतात. आयपॉड विंडोजवरच फॉरमॅट करून घ्या. मॅकवर केलेला आयपॉड घरच्या विंडोज लॅपटॉपला वाचता येत नाही.

आयपॉडची फिरणारी डिस्क काढून तिथे अ‍ॅडॉप्टरवर एसडी कार्ड बसवता येतं. त्याने वजन घटतं, बॅटरी जास्त टिकते आणि लोकलच्या धक्क्यांची भीती उरत नाही. पाठ उघडताना धातूची सुरी नको, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवत एकेक खटका सोडवा. पाठ सुटली की झटक्यात ओढू नका: बॅटरीची आणि हेडफोनची, अशा दोन रिबन अजून जोडलेल्या असतात. बॅटरीच्या रिबनवरचं बारीक लॉक नखाने दोनेक मिलिमीटर वर उचला, मगच रिबन बाहेर येते. लॉक न उचलता ओढली की सॉकेटच बोर्डवरून उखडतं, आणि हे काम करणाऱ्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारं नुकसान हेच. स्वतःला भीती वाटत असेल तर बारीक सोल्डरिंग करणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे द्या. कार्ड बसवण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा, कारण १२८ जीबीचा शिक्का मारलेली खोटी कार्डं ठरावीक मर्यादेनंतर फाइली गिळतात. २००७-०८ च्या क्लासिकमध्ये मूळ सॉफ्टवेअर १२८ जीबीच्या पुढचं ओळखतच नाही, तेव्हा मोठं कार्ड घेऊन उपयोग नाही.

येताना प्लेअर आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत, आणि फुगलेली बॅटरी तर कुठेच नेऊ नये. पीएसपीचं मागचं झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जरवर ‘१००–२४०’ लिहिलं असेल तरच भारतात लावा; नुसतं ‘१००’ असेल तर २३० व्होल्टला तो जळेल. आयपॉडची ३० पिनांची आणि वॉकमनची खास केबल सोबत मागूनच घ्या.

ऐरोली-वाशीकडे खाडीची हवा, त्यात पावसाळा. रबरी लेप असलेले प्लेअर तेव्हा चिकट होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसले की बरे होतात. जून ते सप्टेंबर प्लेअर झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. वापरात नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि गणपतीला बाहेर काढून एकदा चार्ज करा.