खडा होता, पण दुखणं त्याचं नव्हतं

पेशंटच्या आधी फाईलच टेबलावर आली. मुलगा म्हणाला, "मॅडम, आईच्या पित्ताशयात खडा निघालाय, मिरजेला ऑपरेशनची तारीख पण मिळालीय, तोवर कळ थांबायचं एखादं इंजेक्शन तेवढं द्या." बाजारचा दिवस, ओपीडीची रांग पार गेटपर्यंत, सोनोग्राफीत ८ मिलिमीटरचा खडा स्पष्ट दिसतोय आणि आजींचा हात उजव्या बरगडीखाली. सगळं कसं अगदी जुळत होतं.

पण आजी पोट दाबून बसल्या नव्हत्या, त्यांनी लुगडं चिमटीत धरून अंगापासून लांब उचललं होतं. कळ आलेला माणूस पोट आवळून धरतो, वाकतो, ही बाई कापड लागू देत नाहीये. विचारलं, जेवल्यावर वाढतं का हो आजी? "जेवल्यावर न्हाई, उपाशी न्हाई, त्याला काय टाईम न्हाई बघ पोरी. चार दीस झालं निस्ती आग, मिरची चोळल्यागत."

खड्याची कळ बहुतेक वेळा तेलकट जेवणानंतर येते, अर्धा तास ते काही तास टिकते, उजव्या खांद्याकडं किंवा पाठीत जाते, उलट्या होतात आणि मग ओसरते. दिवसरात्र आग आग होत नाही. टेबलावर झोपवून बरगडीखाली बोटं रोवली आणि खोल श्वास घ्यायला लावला, पित्ताशय सुजलेलं असेल तर तिथं श्वास अडकतो, आजींनी निवांत घेतला. उलट कातडीवरून नुसती बोटं फिरवली तर अंग चोरलं. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, छाती साफ (फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया असला तरी तिथंच दुखतं, श्वास घेताना जास्त). आमच्या भागात दारू पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये पू होतो तोही याच जागी दुखतो, पण त्यात ताप असतो आणि दोन बरगड्यांच्या मधे बोट दाबलं की माणूस ओरडतो. वय ६८ आणि शुगरची गोळी चालू, म्हणून ईसीजीपण काढला, कारण शुगरवाल्यांचा हार्ट अटॅक कधीकधी नुसता पोटात वर दुखून येतो आणि लोक ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपतात. तोही नॉर्मल.

मग चोळी सैल करा म्हटलं तर आजी मुलाकडं बघायला लागल्या. त्याला बाहेर पाठवलं, सिस्टरनी पडदा ओढला. चोळीच्या खालच्या कडेला आत जुन्या धोतराचं मऊ फडकं दुमडून खोचलेलं, कड टोचू नये म्हणून. आणि पाठीवर, मणक्याच्या उजव्या अंगाला, लाल चट्टा आणि त्यावर मोहरीएवढ्या पाणीदार फोडांचे दोन घोस. "ते व्हय, काल सुनेनं गरम पान्याची पिशवी दिलती, भाजलंय." भाजल्याचे फोड असे एका बरगडीच्या रेषेत पुढं सरकत नाहीत हो, ही नागीण. सोनोग्राफी झाली तेव्हा हे उठलेलंही नसणार, नागिणीत आधी दुखतं आणि पुरळ दोन-चार दिवसांनी येतं, त्यामुळे आधीच्या कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

नागीण म्हटल्यावर मुलाचा चेहराच उतरला. विळखा पूर्ण झाला की माणूस जातं म्हणतात ना, गावात एक जण गेरू लावून मंत्र घालतो त्याच्याकडं नेऊ का? त्याला बसवून सांगितलं, लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो, वय झालं, शुगर वाढली, ताकद कमी झाली की एखाद्या नसेतून बाहेर येतो. ती नस मणक्यापासून निघून पुढं पोटाच्या मध्यापर्यंतच जाते, अर्ध्याच अंगाला, मग विळखा पुरा होणार कुठनं? गेरू नको, फोडात घाण जाऊन पिकेल.

त्या विषाणूवरची असायक्लोव्हिर ८०० ची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत चालू केली तर जास्त उपयोग, म्हणून पहिली गोळी तिथंच घ्यायला लावली. किडनीसाठी क्रिएटिनिन तपासलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, आणि नसेच्या दुखण्यासाठी रात्रीची प्रेगाबालिन कमी डोसमध्ये, कारण म्हाताऱ्या माणसाला त्यानं गरगरतं आणि रात्री उठताना पडायची भीती असते. घरात लहान नातू होता, त्याला कांजिण्या आलेल्या नव्हत्या, म्हणून फोड झाकून ठेवायचे, टॉवेल वेगळा आणि खपल्या धरेपर्यंत त्याला कुशीत घ्यायचं नाही. आजींना सगळ्यात जास्त राग याचाच आला.

५० च्या पुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडं मिळते, दोन डोस, पण महाग आहे आणि माझ्या ओपीडीत कुणाला सांगितलं तर आधी किंमत विचारतात, त्यांचंही बरोबरच आहे.

ऑपरेशनची तारीख रद्द झाली, फाईल बघून सर्जनही म्हणाले घाई नाही, बऱ्याच जणांचे खडे जन्मभर गप्प बसतात. फोड वाळले पण आग काही लगेच गेली नाही, दोनेक महिने रात्रीची गोळी चालवावी लागली. शेवटच्या वेळी आल्या तेव्हा चोळी नेहमीसारखी घट्ट बांधलेली.

"मग त्यो खडा ठिवायचा का पोटात?"

"राहू द्या. जेवणानंतर कळ आली, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच या."

"ते येतो गं. भजी खाऊ का न्हाई तेवढं सांग."