वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: उड्डाण दोन मिनिटांचं, तयारी बडोद्यापासूनची

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधलं विमान म्हणजे जगातलं सर्वांत कमी अंतराचं नियमित प्रवासी उड्डाण. अंतर २.७ किलोमीटर. बडोदा स्टेशनपासून न्यायमंदिरापर्यंत सरळ रेघ ओढली तर साधारण तेवढीच भरेल. लोगनएअर ही स्कॉटिश विमान कंपनी १९६७ पासून ही सेवा चालवते.

अंतराला वेगाने भागून काढलेली वेळ इथे खरी ठरत नाही. ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन इंजिनांचं पंख्याचं विमान ताशी २४० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशेबाने चाळीस सेकंद पुरायला हवीत, पण विमान पूर्ण वेग घेईपर्यंत उतरायची वेळ येते. शिवाय विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतं आणि उतरतं. वाऱ्याची दिशा सोयीची असली की सरळ जातं, नसली तर वळसा पडतो. म्हणून वेळापत्रकात दोन मिनिटं आणि विक्रम मात्र ५३ सेकंदांचा.

बडोद्याहून अहमदाबाद गाठून लंडन, मग एडिंबरा किंवा ग्लासगोमार्गे कर्कवॉल, म्हणजे ऑर्कनीचं मुख्य शहर, हा सोपा मार्ग. कर्कवॉल ते वेस्ट्रे साधारण पंधरा मिनिटं. विमानात प्रवासी जेमतेम आठ, त्यामुळे ऑर्कनीच्या आतलं तिकीट आधी पक्कं करा आणि मगच लंडनचं काढा. उलटं केलं की तारखा जुळत नाहीत. शनिवार-रविवार टाळलेला बरा: शनिवारी फक्त वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला विमान असतं, रविवारी फक्त परतीचं. वजनाचा समतोल पाहून जागा ठरतात, तेव्हा खिडकीचा किंवा वैमानिकाशेजारच्या जागेचा हट्ट धरू नये. मोठी बॅग कर्कवॉललाच ठेवा.

धुकं किंवा आडवा वारा आला की उड्डाण रद्द होतं, आणि तिकडे हे नेहमीचंच आहे. परतताना कर्कवॉलला एक मोकळा दिवस हवाच. लंडनहून निघणारं विमान वेगळ्या तिकिटावर असेल आणि ते चुकलं, तर भुर्दंड आपल्यालाच. दोन बेटांमध्ये प्रवासी बोटही आहे, तिला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. जाताना विमान आणि येताना बोट असं केलं तर दोन्ही अनुभव मिळतात.

उतरून लगेच परत फिरू नका. पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हॉवर हे इ.स.पू. ३७०० च्या सुमाराचं दगडी घर आहे, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. एकमेकींना जोडलेल्या दोन इमारती, भिंती अजून उभ्या. त्यासाठी निवांत दोन तास काढा. बेटावर शंभरही माणसं राहत नाहीत, दुकान एकच, तेव्हा शाकाहारी मंडळींनी खायचं बरोबर न्यावं. भाकरवडी, चिवडा, खाकरा चालतो. पेढे, बर्फी मात्र घरीच ठेवा, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.