दोन लढायांच्या मधली नोकरी : महूच्या वर्गापासून पलटणीच्या कमांडपर्यंत

मला लष्करात अधिकारी म्हणून कमिशन मिळालं १९७३ मध्ये. एकाहत्तरची लढाई तेव्हा संपलेली होती, आणि १९९९ मध्ये कारगिल पेटलं तोवर माझी पलटण दुसऱ्याच्या हाती गेली होती. धरणगावकडे गेलो की लोक अजून विचारतात, "मग साहेब, तुम्ही लढाई कोणती लढले?" प्रश्न सरळ आहे, पण मला उत्तर द्यायला वेळ लागतो. अधिकारी घडतो किंवा मागे राहतो तो याच मधल्या वर्षांत. आपल्या खानदेशातली पोरं आता एनडीएची तयारी करतात. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना पुढचा रस्ता ठाऊक असावा, म्हणून हे लिहितो.

साताऱ्याचं सैनिक स्कूल, खडकवासल्याची एनडीए, डेहराडूनची लष्करी अकादमी आणि मग मराठा लाइट इन्फंट्री. इथवरचं सगळे सांगतात. पुढे पहिली वर्षं प्लाटून आणि कंपनी सांभाळण्यात जातात. मधे 'पार्ट बी' आणि 'पार्ट डी' या बढतीच्या परीक्षा असतात. ड्युटी, गस्त सांभाळून रात्री अभ्यास करायचा, दुसरा मार्ग नाही.

कोर्समध्ये इन्स्ट्रक्टर ग्रेडिंग, म्हणजे शिकवायला लायक असा शेरा मिळाला आणि कॅप्टन असताना मध्य प्रदेशातल्या महूच्या इन्फंट्री स्कूलला, म्हणजे पायदळाच्या शाळेत, शिकवायला गेलो. घरच्यांना कोण आनंद! धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूर सोडायचं, बिजासनचा घाट चढून सेंधवा, पुढे महू. आई एकदा कळण्याच्या पिठाची पिशवी घेऊन एसटीनं एकटी आली होती.

माझ्या नोकरीचा पाया तिथे पडला. सँड मॉडेल म्हणजे जमिनीवर मांडलेला रणभूमीचा नमुना. त्यावर रंगवलेल्या भुशाच्या टेकड्या, निळ्या फितीची नदी, पांढऱ्या फितीचे रस्ते. एक तरुण लेफ्टनंट काठीनं हल्ल्याची योजना सांगत होता. रोख बरोबर, वेळा बरोबर, तोफखान्याचा मारा कधी उचलायचा तेही बरोबर. मी विचारलं, "टेकडी घेतली. आता दोन नंबर सेक्शनची तुकडी पाणी कुठून आणणार?" तो थांबला. मॉडेलवर ओढा होता, पण तो शत्रूच्या बाजूच्या उतारावर. मग वर्गातल्या सगळ्यांनी मिळून ती योजना मुळापासून पुन्हा मांडली. पाणी, जखमींना खाली आणण्याची वाट, दारूगोळा वर नेणारे हात. बाणांनी दाखवलेली चाल कोणीही काढतो. शेवटच्या जवानापर्यंत विचार पोचला का, हे शिकवावं लागतं, आणि ते शिकवता शिकवता मीही पक्कं शिकलो. तिथल्या उस्ताद हवालदारांकडूनही शिकलो. एलएमजीत, म्हणजे हलक्या मशीनगनमध्ये, गोळी अडली तर काय करायचं, हे ते डोळे बांधून करून दाखवत.

मग तमिळनाडूतलं वेलिंग्टन. तिथे अधिकाऱ्यांना मुख्यालयाच्या कामासाठी तयार करणारं स्टाफ कॉलेज आहे. त्याची प्रवेश परीक्षा अवघड. डावपेच, लष्करी कायदा, युद्धाचा इतिहास, प्रशासन असे पेपर, आणि जागा मोजक्या. आपल्याकडच्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. हिंदुस्थानातलं पहिलं स्टाफ कॉलेज १९०५ मध्ये देवळालीला निघालं, दोन वर्षांनी ते क्वेट्ट्याला गेलं आणि फाळणीनंतर आपलं वेलिंग्टनला आलं. भुसावळहून मुंबईला जाताना आपण ते देवळाली कितीदा ओलांडतो! वेलिंग्टनहून स्टाफच्या, म्हणजे मुख्यालयातल्या नेमणुकीवर गेलो. १९८४ मध्ये सियाचिनची मोहीम सुरू झाली होती, १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. त्यामुळे 'मधला काळ' म्हणजे शांततेचा काळ, असं कोणी समजू नये.

सगळ्यात कठीण टप्पा बढतीसाठी निवड करणाऱ्या सिलेक्शन बोर्डाचा. तेव्हा मेजरपर्यंत माणूस सेवाकाळ आणि परीक्षांवर पोचायचा; २००४ पासून लेफ्टनंट कर्नलपर्यंत पोचतो. पुढे पिरॅमिड अरुंद होतो. दरवर्षीचा गोपनीय अहवाल तीन वरिष्ठ लिहितात, आणि तेच अहवाल बोर्डापुढे जातात. त्यावर नाव झाकलेलं असतं. संधी तीन, एक पहिली आणि दोन फेरविचाराच्या. माझं नाव आलं तेव्हा मेसमध्ये अभिनंदन चाललं होतं, आणि शेजारी बसलेला माझा बॅचमेट सुपरसीड झाला होता, म्हणजे त्याची निवड झाली नव्हती. महूला तो माझ्यापेक्षा चांगला शिकवायचा, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. या व्यवस्थेत चांगली माणसं मागे राहतात. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्यानं पुढची सगळी वर्षं तितक्याच मन लावून केली.

१९९१ मध्ये पूंछच्या बाजूला पलटण हाती आली. आठशेच्या आसपास जवान, चार रायफल कंपन्या, चौक्या पसरलेल्या. पहिलं सैनिक संमेलन झालं आणि सुभेदार मेजर साहेबांनी सांगितलं, बर्फाआधीचं स्टॉकिंग, म्हणजे चौक्यांवर साठा भरणं, मागे पडलंय. मग खेचरांच्या वाटेनं एकेक चौकी चढलो. रॉकेल किती, पीठ किती, बर्फ पडल्यावर पाणी कसं, सगळीकडे महूचेच प्रश्न. एका चौकीवर पहाऱ्याला कोवळा पोरगा, बोलण्यावरून आपल्याकडचा वाटला. विचारलं, "कोनता गावना रे तू?" तो ताठ उभा राहून म्हणाला, "पारोळाना शे, साहेब." बापाच्या शेताचा वाद तहसीलमध्ये अडकला होता, हे त्याच्या कंपनी कमांडरला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यापासून मी प्रत्येक कंपनी कमांडरला जवानांच्या घरची वही ठेवायला लावली. त्या पोराच्या कामासाठी त्याच्या जिल्ह्याच्या सैनिक बोर्डाला पत्र गेलं.

आमच्या धरणगावात १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, तीही लढाई संपल्यानंतरच्या काळात. तो परक्या सत्तेचा माणूस, त्याचा हेतू आपला नव्हता. पण भिल्लांबरोबर शिकारीला जाऊन, त्यांच्यात राहून त्यानं त्यांचा विश्वास मिळवला, हे मी पलटणीतल्या तरुण अधिकाऱ्यांना आवर्जून सांगत असे.

कमांड संपल्यावर पसंती विचारली तेव्हा मी पुन्हा महू मागितलं. कॉलेज ऑफ कॉम्बॅटला सीनियर कमांडचा वर्ग मिळाला. समोर बसलेले सगळे लवकरच पलटणी घेणारे होते. त्यांना आधी टेकडी दिली, मग ओढा कुठल्या उतारावर आहे ते बघायला लावलं.