तुम्ही विचारलंत म्हणून: माणसाला वानरांच्या गणात का बसवता?

लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर आणि पालकसभेत गेली एकवीस वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो: माणूस माकडापासून झाला असे तुम्ही पोरांना शिकवता, तर आताची माकडे माणसे का होत नाहीत? मी असे शिकवतच नाही. सस्तन प्राण्यांच्या वर्गात नरवानर नावाचा एक गण आहे, त्यात आमची तूर फस्त करणारे काळतोंडे वानर आणि ती राखणारे आपण असे दोघेही येतो आणि दोघांचे पूर्वज फार मागे जाऊन एक होतात, एवढेच मी सांगतो. चुलतभावाला कोणी आजोबा म्हणत नाही.

माझ्याही चुका झाल्या आहेत. छातीवरचे दोन स्तन ही या गणाची खूण म्हणून मी पूर्वी ठासून सांगत असे. पण त्याच खुणेच्या आधारे सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली वटवाघळालाही याच गणात बसवले होते, आणि हत्तिणीचे स्तनही छातीवरच असतात. एकट्या लक्षणावर गण ठरत नाही. नख्यांऐवजी नखे, पकड घेणारे हातपाय, समोर वळलेले डोळे आणि शरीराच्या मानाने मोठा मेंदू ही सारी एकत्र पाहावी लागतात, हे मला उशिरा उमगले.

तीन वर्षांपूर्वी पौषात, शाळेसमोरच्या विजेच्या तारेला चिकटून एक वानरी मेली. आयता नमुना मिळाल्याच्या आनंदात मी नववीच्या मुलांना बाहेर नेले आणि तिचा हात उचलून, तळव्यावरच्या बारीक रेषा, बोटांची नखे आणि पानांवर जगणाऱ्या या वानरांचा आपल्यापेक्षा बराच आखूड असलेला अंगठा दाखवू लागलो. तिचे डोळे उघडेच होते. दोन्हींची नजर एकाच वस्तूवर पडते म्हणून उडी मारताना अंतराचा अंदाज येतो, हेही मी सांगून टाकले. तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, मेल्या बाईचा हात असा उलटापालटा करून पायतेत का?” मी हात खाली ठेवला, पण मुलांसमोर मान वर करता आली नाही. नातेवाईक आहे, असे वर्गात सांगणारा मीच होतो.

म्हातारीने तिच्यावर जुने लुगडे पांघरले. दुपारी टाळ वाजवत, गुलाल उधळत गावाने तिला मारुतीच्या देवळामागे पुरले, आणि पालकसभेत माझ्या धड्यावर सर्वांत जास्त संतापलेले गृहस्थ तिरडीला खांदा देत होते. त्यांच्या लेखी ती देवाची होती, माझ्या लेखी गणातली. त्या दिवशी अधिक जवळची कोणाला होती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

परवा बाजारात त्यांनीच तो प्रश्न पुन्हा काढला. वानराचे दात बत्तीस, आपलेही बत्तीस, मांडणीही तीच, असे सांगून मी चुलतभावाचा दाखला दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग तुरीत बी त्यायचा हिस्सा लावाचा का, गुरुजी?”