अकराशे कागद

सातपूरच्या एका प्रेसमध्ये मी प्रीप्रेसला बसतो, म्हणजे छपाईआधी फाइली आणि रंग तयार करतो. तिकडे नाशिक रोडला सरकारच्या नोटा छापतात, आमच्याकडे लग्नपत्रिका, कॅलेंडरं आणि द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं. मुलांचं चित्रपुस्तक वर्षातून एखादं आलं तर आलं.

हे ३२ पानी होतं, एका कागदावर सोळा पानं असे दोन फॉर्म, हजार प्रती. गोष्ट एका काळ्या मुलीची. घरादाराने तिला साय-बेसन चोळायचा चंग बांधलेला, आणि ती दर वेळी पळून विहिरीवर म्हशीजवळ जाऊन बसते. लेखिका निवृत्त शिक्षिका, पुस्तक स्वतःच्या पैशांनी काढत होत्या. चकाकणारा आर्ट पेपर त्यांना नको होता, म्हणून मॅपलिथो, बिनचकाकीचा साधा कागद.

मॅपलिथो शाई पितो. छपाईत रंग बारीक ठिपक्यांनी पडतो; फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७० च्या घरात जातो, म्हणून मधले टोन आधीच उतरवून ठेवावे लागतात. त्यात काळी त्वचा. गोऱ्या चेहऱ्याला पिवळा आणि मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, जुळला की झालं; सायन, म्हणजे निळा, नावापुरता. काळ्या चेहऱ्याला सायनही भरपूर लागतो आणि काळाही. काळा चढला की चेहरा राखेसारखा होतो, मॅजेंटा चढला की विटेसारखा. हे मला जमतं, अशी माझी घमेंड होती.

प्रूफ बाईंनी मोबाइलवर पाहिलं होतं. छापील प्रूफचा खर्च आमचे शेठ वाचवतात आणि मग असे दिवस येतात. एका बाजूचे अकराशे कागद पडल्यावर बाई आल्या. उभ्याउभ्याच शीट बघितली.

"दादा, पाय तिचेच आहेत. तोंड कुणाचं लावलंत?"

शेठ लगेच पुढे. "मॅडम, मॅपलिथोवर रंग असाच येतो."

धादांत खोटं. मॅपलिथोवर रंग गडद होतो, उजळ नाही. बाईंना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी फाइल उघडली. चेहरा आणि हात तेवढे निवडून काळा ३० वरून ८ वर, सायन निम्मा. मागची म्हैस, विहीर जशीच्या तशी. म्हणजे कागदाची सबब मलाही नव्हती. लेयरचं नाव ‘क्लीन’. पत्रिकेतल्या नवरीच्या फोटोला मी हेच नाव देतो. इथे कधी दिलं, खरंच आठवत नाही. हात आपोआप गेला असणार. पंचवटीतला राम काळ्या पाषाणाचा, आमच्या कॅलेंडरवर दरवर्षी आकाशी निघतो. ते प्रूफ आजवर कुणी परत पाठवलेलं नाही.

"बाई, हे माझ्याकडून झालंय," म्हणालो. चार प्लेटा नव्या, कागद पुन्हा, निम्मा खर्च माझ्या पगारातून. मशीनमन काका मशीनचं रबरी ब्लँकेट पुसता पुसता म्हणाले, "पोरगी चांगली दिसत होती की. कशाला बोललास?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

संध्याकाळी दुसरा फॉर्म तपासला. तिथेही ‘क्लीन’. मुलगी, तिची मावशी, वर्गातल्या मैत्रिणी, सगळ्या उजळलेल्या. आजीला मात्र हात लावलेला नव्हता. होती तशी काळीभोर. तिचं लग्न थोडंच व्हायचं राहिलं होतं.